कडक, करारी की कठोर? शब्दकोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांची जीवनकथा



मराठीतला 'कडक' हा शब्द किती कामाचा आहे बघा. भाकरी कडक, चहा कडक, इस्त्री कडक, ऊन कडक, सासू कडक आणि गुरुजीही कडक! एकच शब्द सगळीकडे चालून जातो. इंग्रजीत मात्र तसं होत नाही. मुलांना 'कडक'ला इंग्रजी शब्द विचारला की ती लगेच 'स्ट्रिक्ट' म्हणतात आणि मग कडक थंडीलाही 'स्ट्रिक्ट' लावून मोकळी होतात. चूक मुलांची नाही. इंग्रजीत या एका कामासाठी चार-पाच शब्द आहेत, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

हे शब्द नुसते पाठ करून घेतले तर आठवड्यात विसरतात. एखाद्या माणसाच्या गोष्टीतून सांगितले तर लक्षात राहतात. म्हणून आज आपण अशा माणसाचं चरित्र पाहूया, ज्याने इंग्रजी शब्दांचा मोठा कोश तयार केला आणि ज्याच्या स्वतःच्या आयुष्यात हे सगळे शब्द येऊन गेले. ते म्हणजे डॉ. सॅम्युअल जॉन्सन.

आधी पाच शब्दांची ओळख

१) स्टर्न – चेहऱ्याचा, नजरेचा, आवाजाचा करारीपणा. स्टर्न लुक, स्टर्न व्हॉइस, स्टर्न वॉर्निंग. वर्गात आपण काही न बोलता नुसतं बघितलं आणि गोंधळ थांबला, तर ती नजर स्टर्न. (जहाजाच्या मागच्या भागालाही स्टर्न म्हणतात, पण तो वेगळ्या मुळाचा शब्द आहे. मुलांना आवर्जून सांगा.)

२) स्ट्रिक्ट – नियमाला पक्का. लॅटिनमधला मूळ अर्थ घट्ट आवळलेलं, बांधलेलं. स्ट्रिक्ट टीचर, स्ट्रिक्ट रूल्स, स्ट्रिक्ट डाएट. यात निंदा नाही. 'शी इज स्ट्रिक्ट बट फेअर' हे शिक्षिकेचं कौतुकच आहे.

३) सिव्हिअर – तीव्र, जबर. सिव्हिअर पेन, सिव्हिअर कोल्ड, सिव्हिअर पनिशमेंट. कडक थंडी ती ही. यावरूनच सिव्हेरिटी हे नाम तयार होतं.

४) हार्श – खरखरीत, बोचणारं. हार्श वर्ड्स, हार्श लाइट, हार्श ट्रीटमेंट. इथे समोरच्याला लागतं, आणि बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त लागतं.

५) ऑस्टिअर – साधं, काटकसरीचं, चैन नसलेलं. मूळ ग्रीक अर्थ तुरट, जीभ कोरडी करणारं. हिरडा चघळल्यावर तोंड कसं होतं ते आठवा.

आता गोष्टीकडे वळूया.

जन्म आणि बालपण

सॅम्युअलचा जन्म १८ सप्टेंबर १७०९ रोजी इंग्लंडमधल्या लिचफिल्ड या गावी झाला. वडील मायकल यांचं पुस्तकांचं दुकान होतं. घर दुकानाच्या वरच होतं. घरात पुस्तकं भरपूर होती, पण पैसा बेताचाच. आई सारा यांचं वय त्या वेळी चाळीस होतं. बाळ जगेल की नाही अशीच परिस्थिती होती.

लहानपणीच त्याला गंडमाळेचा आजार झाला. मानेवर, चेहऱ्यावर व्रण राहिले. डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसेनासं झालं, एका कानानेही कमी ऐकू येऊ लागलं. राजाने किंवा राणीने हात लावला की हा आजार बरा होतो अशी तेव्हा लोकांची श्रद्धा होती. म्हणून अडीच वर्षांच्या सॅम्युअलला आई १७१२ मध्ये लंडनला राणी अ‍ॅनकडे घेऊन गेली. राणीने हात लावला, गळ्यात एक नाणं घातलं. आजार काही गेला नाही. नाणं मात्र त्याने जन्मभर गळ्यात ठेवलं.

त्याची पहिली शाळा म्हणजे ऑलिव्हर नावाच्या एका विधवा बाईंची बालशाळा. एके दिवशी घरून न्यायला कोणी आलं नाही म्हणून हा एकटाच निघाला. नजर अधू, रस्त्यात गटार. गटार कुठे आहे ते दिसावं म्हणून तो हातापायांवर वाकून पाहायचा आणि मग ओलांडायचा. पोर पडेल या काळजीने बाई थोडं अंतर ठेवून मागोमाग चालल्या होत्या. मागे वळून पाहताच त्याला त्या दिसल्या आणि त्याला इतका राग आला की त्याने बाईंनाच मारायला सुरुवात केली! आपल्याला कोणी दुबळं समजू नये, हा त्याचा हट्ट. पुढे तो ऑक्सफर्डला निघाला तेव्हा याच बाई आल्याचा केक घेऊन त्याला निरोप द्यायला आल्या. माझ्या हातून शिकलेल्यांत हा सगळ्यात हुशार, असं त्यांनी सांगितलं. ही शाबासकी जॉन्सन म्हातारपणीही अभिमानाने सांगत असत.

बालवाडी आणि पहिलीच्या ताईंनो, हा प्रसंग तुमच्यासाठी आहे.

हंटर मास्तरांची छडी

पुढे तो लिचफिल्डच्या ग्रामर स्कूलमध्ये गेला. तिथले मुख्याध्यापक जॉन हंटर. लॅटिनचे मोठे जाणकार, पण मारकुटे. उत्तर आलं नाही की फटके, आणि फटके मारताना पुन्हा वर सांगायचं, की हे तुझ्या भल्यासाठीच आहे.

जॉन्सननी मोठेपणी या मास्तरांविषयी दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. त्या दोन्ही नीट ऐकण्यासारख्या आहेत.

पहिली अशी. तुमचं लॅटिन इतकं चांगलं कसं, असं एकाने विचारलं तेव्हा त्यांनी श्रेय मास्तरांच्या छडीलाच दिलं. मार बसला नसता तर आपण काहीच शिकलो नसतो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुसरी अशी. हंटर मास्तरांची सक्ती चुकीच्या पद्धतीची होती, अशी तक्रारही त्यांनीच केली. मुलाला एखादी गोष्ट माहीतच नाही आणि मुलाने ती मुद्दाम शिकलीच नाही, या दोन्हींत मास्तरांना फरक दिसत नसे. दोघांनाही सारखाच मार. जे कधी शिकवलंच नाही तेही विचारायचे आणि आलं नाही म्हणून मारायचे. मुलाला सगळंच येत असेल तर त्याला शिकवायला मास्तर हवेच कशाला, हा जॉन्सनचा साधा प्रश्न होता.

न येणं आणि न करणं. दोन शब्दांतलं हे अंतर आपण शिक्षकांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं असं आहे. वजाबाकीत हातचा न कळलेलं मूल आणि गृहपाठाची वहीच न उघडलेलं मूल, दोघांची पाटी कोरीच दिसते. पण पहिल्याला शिकवणं हवं आणि दुसऱ्याला समज हवी. दोघांनाही एकच शिक्षा केली तर पहिल्याला वाटतं, न येणं हाच गुन्हा आहे. मग ते मूल विचारणंच बंद करतं.

आता यातली सगळ्यात बोलकी गोष्ट. हंटर मास्तरांची नात अ‍ॅना सीवर्ड पुढे नावाजलेली कवयित्री झाली. तिचा चेहरा आजोबांसारखा होता. तिच्याकडे पाहिलं की आपल्याला कापरं भरतं, असं जॉन्सन सांगत. तोपर्यंत ते सगळ्या इंग्लंडला माहीत असलेले मोठे विद्वान झाले होते, आणि त्यांच्याशी वाद घालायला भलेभले कचरत. मास्तर तर केव्हाच वारले होते. तरी भीती अंगात शिल्लक होती. तोंडाने ते छडीचे आभार मानत होते, शरीर मात्र वेगळीच साक्ष देत होतं.

शिक्षण अर्धवट, नोकरी नाही

१७२८ मध्ये तो ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाला. बूट फाटलेले, बोटं बाहेर आलेली. कोणीतरी दया येऊन त्याच्या दाराशी नवे बूट ठेवले. त्याने ते रागाने फेकून दिले. तेरा महिन्यांत पैसे संपले आणि पदवी न घेताच घरी परतावं लागलं. १७३१ च्या अखेरीस वडील वारले.

मग सुरू झाली नोकरीची वणवण. १७३२ मध्ये मार्केट बॉसवर्थ इथल्या शाळेत साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. शाळेचे आश्रयदाते असलेल्या जमीनदाराच्या घरी राहावं लागे आणि तिथली वागणूक इतकी अपमानाची, की काही महिन्यांतच ती नोकरी सोडली. हार्श ट्रीटमेंट म्हणजे काय, हे तिथे कळलं.

१७३५ मध्ये सॉलिहलच्या शाळेत मुख्याध्यापकाच्या जागेसाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं. नकार आला. कारण काय? विद्वत्तेबद्दल शंका नव्हती. पण माणूस गर्विष्ठ आणि तुसडा आहे अशी त्यांची ख्याती आहे आणि चेहरा असा वेडावाकडा करतो, की मुलांवर परिणाम होईल, असं संस्थेचं मत पडलं. जॉन्सनना अंगाला झटके देण्याची, तोंड वाकडं करण्याची, विचित्र आवाज काढण्याची सवय होती. ती त्यांच्या हातात नव्हती. तो टुरेट सिंड्रोम असावा असं आजचे अनेक डॉक्टर मानतात. म्हणजे लोकांनी आजाराला स्वभाव समजलं. चेहरा स्टर्न, म्हणून माणूस हार्श, असा हिशेब केला गेला.

पालकहो, वर्गात सतत डोळे मिचकावणारं, मान उडवणारं एखादं मूल असतं. नाटकं करतोय म्हणून त्याला ओरडण्याआधी हा प्रसंग आठवा.

त्याच वर्षी जॉन्सननी एलिझाबेथ पोर्टर या विधवेशी लग्न केलं. त्यांचं वय पंचवीस, तिचं शेहेचाळीस. लोक हसले, पण संसार प्रेमाचा झाला. तिला ते टेटी म्हणत. तिच्याच पैशातून त्यांनी लिचफिल्डजवळ ईडियल इथे स्वतःची शाळा काढली. मोजकीच मुलं आली. त्यातला एक डेव्हिड गॅरिक, पुढे इंग्लंडचा सर्वांत गाजलेला नट झाला. ही मुलं मास्तरांच्या हावभावांच्या नकला करायची. शाळा दीड वर्षाच्या आतच बंद पडली.

बघा, करारी चेहरा आणि अफाट ज्ञान दोन्ही असून वर्ग हाताशी राहिला नाही. १७३७ च्या मार्चमध्ये गुरू आणि शिष्य, जॉन्सन आणि गॅरिक, बरोबरच लंडनला निघाले. खिशात जवळजवळ काही नव्हतं.

शब्दकोशाची नऊ वर्षं

लंडनमध्ये त्यांनी मासिकांसाठी मिळेल ते लिहिलं. १७४६ मध्ये काही पुस्तकविक्रेत्यांनी एकत्र येऊन त्यांच्याशी इंग्रजी शब्दकोशाचा करार केला. मोबदला १५०० गिनी. त्यातूनच कारकुनांचे पगार आणि कागदाचा खर्च करायचा. काम तीन वर्षांत संपेल असं त्यांना वाटलं होतं. लागली जवळपास नऊ!

गॉफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा मदतनीस बसत. त्यातले पाच स्कॉटलंडचे. कामाची पद्धत अशी होती: जॉन्सन पुस्तकं वाचत, हव्या त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारत आणि समासात त्या शब्दाचं पहिलं अक्षर लिहीत. मदतनीस ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून घेत. मग चिठ्ठ्या अक्षरांप्रमाणे लावायच्या. लोकांकडून उसनी आणलेली पुस्तकं परत जात तेव्हा ती रेघोट्यांनी भरलेली असत. आपली ग्रंथालयाची पुस्तकं मुलं अशी करतात तेव्हा आपण काय करतो ते जाऊ द्या!

१५ एप्रिल १७५५ रोजी कोश प्रसिद्ध झाला. दोन मोठे खंड, ४२ हजारांहून अधिक शब्द आणि अर्थ दाखवणारी लाखाहून अधिक उदाहरणं. त्याआधी इंग्रजीत कोश नव्हते असं नाही. पण एका शब्दाचे वेगवेगळे अर्थ क्रमांक घालून मांडायचे आणि प्रत्येक अर्थासाठी नामवंत लेखकांची वाक्यं द्यायची, हे काम इतक्या मोठ्या प्रमाणावर इंग्रजीत त्यांनीच प्रथम केलं. आपण मुलांना शब्द वाक्यात वापरून दाखवतो ना, तेच.

गंमत म्हणजे या कोशात स्टर्न शब्दाचा पहिला अर्थ चेहऱ्याशी जोडलेला आहे, वागण्याचा अर्थ त्यानंतर येतो. ज्याला चेहऱ्यामुळे नोकरी नाकारली गेली त्यानेच हा क्रम लावला आहे.

कोशात थट्टाही आहे. ओट्स या धान्याच्या नोंदीत स्कॉटलंडच्या लोकांना चिमटा काढलाय, तर कोशकार या शब्दाच्या नोंदीत स्वतःचीच टिंगल केलीय. आणि चुकाही आहेत. घोड्याच्या खुराच्या वरच्या भागाला पॅस्टर्न म्हणतात. जॉन्सननी त्याचा अर्थ घोड्याचा गुडघा असा दिला. एका बाईंनी विचारलं, असं कसं लिहिलंत? इतका मोठा विद्वान आता काहीतरी पांडित्याचं उत्तर देईल असं त्यांना वाटलं असणार. जॉन्सननी एका शब्दात विषय संपवला. कारण एकच, अज्ञान. वर्गात मुलाने आपली चूक दाखवली तर याहून चांगलं उत्तर कोणतं असेल?

सिव्हिअर, पण हार्श नाही

कोशाच्या सुरुवातीला, १७४७ मध्ये, जॉन्सननी कामाचा आराखडा लॉर्ड चेस्टरफील्ड या बड्या सरदाराला अर्पण केला होता. मदत मिळेल अशी आशा होती. पण दारात ताटकळणं सोडून विशेष काही पदरात पडलं नाही. या काळात गरिबी सोसली, १७५२ मध्ये टेटीही गेली. कोश पूर्ण व्हायला आला तेव्हा मात्र लॉर्डसाहेबांनी एका नियतकालिकात त्याची स्तुती करणारे दोन लेख लिहिले.

फेब्रुवारी १७५५ मध्ये जॉन्सननी त्यांना एक पत्र पाठवलं. त्यात एकही शिवी नाही, एकही आरडाओरडा नाही. भाषा पूर्ण अदबीची. पण बुडणाऱ्याला हात न देता तो काठाला लागल्यावर धावून येणाऱ्यांना काय म्हणावं, हे त्यात इतक्या नेमकेपणाने मांडलं होतं, की मोठ्यांच्या आश्रयावर जगणाऱ्या लेखकांचा काळ या पत्राने संपला असं पुढे लोक म्हणू लागले. खुद्द चेस्टरफील्ड यांनी ते पत्र टेबलावर ठेवलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते किती छान लिहिलंय ते दाखवत असत.

सिव्हिअर आणि हार्श यातला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. टीका तीव्र आहे, पण खरखरीत नाही.

कोशाने नाव झालं, पैसा नाही. पुढच्याच वर्षी पाच पौंड अठरा शिलिंगच्या कर्जासाठी त्यांना अटक झाली आणि कादंबरीकार रिचर्डसन यांनी पैसे पाठवून सोडवलं. १७५९ मध्ये आई वारली. तिच्या अंत्यविधीचा खर्च आणि तिची थोडीफार देणी भागवायला त्यांनी एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून 'रासेलस' ही कथा लिहिली. अखेर १७६२ मध्ये राजाने वर्षाला ३०० पौंडांचं निवृत्तिवेतन दिलं आणि भाकरीची चिंता मिटली.

घरातले जॉन्सन

बाहेर त्यांचा दरारा होता. वादात कोणाला सोडत नसत. त्यांचे चरित्रकार बॉस्वेल १७६३ मध्ये पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनाही पहिल्याच भेटीत चांगलाच टोला बसला. ते खरोखर हार्शही होत, हे लपवण्याचं कारण नाही. १७७३ मध्ये एका मेजवानीत ते कवी गोल्डस्मिथ यांना चारचौघांत टाकून बोलले. पण नंतर मित्रमंडळ जमलं तेव्हा सगळ्यांसमोरच त्यांनी गोल्डस्मिथची माफी मागितली. अपमान चारचौघांत, तर माफीही चारचौघांत. याच गोल्डस्मिथचं मत होतं, की जॉन्सनमध्ये अस्वलाचं काही असेल तर ते फक्त कातडं.

घर पाहिलं की ते पटतं. अ‍ॅना विल्यम्स या अंध बाई त्यांच्याकडे वर्षानुवर्षे राहत होत्या. गरिबांवर उपचार करत फिरणारे लेव्हेट नावाचे वैद्य राहत होते. जमैकात गुलाम म्हणून जन्मलेला फ्रान्सिस बार्बर हा मुलगा टेटी वारल्यानंतर थोड्याच दिवसांत या घरी आला. जॉन्सननी त्याला स्वखर्चाने शाळेत घातलं आणि शेवटी मृत्युपत्रात आपला मुख्य वारस केलं. गुलामगिरीचे ते पक्के विरोधक होते. रात्री घरी परतताना रस्त्यावर झोपलेल्या पोरांच्या हातात ते हळूच नाणी ठेवत, म्हणजे सकाळी उठल्यावर त्यांना काही खाता येईल. हॉज नावाच्या मांजरासाठी कालवं आणायला ते स्वतः जात. नोकराला पाठवलं तर तो चिडून मांजराचाच राग करील, असं त्यांना वाटे!

आणि स्वतःशी? स्वतःशी अतिशय कडक. पण तिथेही गंमत आहे. त्यांच्या प्रार्थनेच्या टिपणांत दरवर्षी लवकर उठण्याचा संकल्प आहे, आणि दरवर्षी तो मोडल्याची नोंदही आहे. दुपारपर्यंत झोपायची सवय शेवटपर्यंत गेली नाही.

पावसात उभा राहिलेला म्हातारा

वडील जिवंत असताना एकदा ते आजारी होते. अटॉक्सिटरच्या बाजारात पुस्तकांचा ठेला मांडायला आज तू जा, असं त्यांनी सॅम्युअलला सांगितलं. ऑक्सफर्डला जाऊन आलेल्या पोराला लाज वाटली. त्याने नकार दिला. वडील वारले, ती गोष्ट मनात राहिली. जवळपास पन्नास वर्षांनी जॉन्सन त्याच बाजारात गेले आणि वडिलांचा ठेला जिथे असायचा त्या जागी, भर पावसात, डोक्यावरची टोपी काढून बराच वेळ उभे राहिले. लोक बघत होते. शिक्षा देणारेही तेच आणि भोगणारेही तेच.

शिक्षेविषयी त्यांचं मत आणि आपण

आता थोडं नाजूक. जॉन्सन छडीच्या बाजूचे होते. १७७२ मध्ये स्कॉटलंडमधल्या कॅम्पबेलटाउनच्या एका शिक्षकाचा खटला लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला. मुलांना बेदम मारतो म्हणून त्याला शाळेतून काढलं होतं. बॉस्वेल त्याचे वकील. जॉन्सननी त्यांना शिक्षकाच्या बाजूचे मुद्दे सांगितले. सक्तीचं माप आधी ठरवता येत नाही, मुलाचा हट्ट मोडेपर्यंत ती करावी लागते, असा त्यांचा युक्तिवाद होता. लॉर्ड्सना तो पटला नाही. निकाल शिक्षकाच्या विरोधात गेला.

मलाही तो पटत नाही. ज्याला मास्तरांच्या नातीकडे बघून थरकाप होत होता त्याच माणसाने हे सांगावं, याचं वाईट वाटतं. आपल्याकडेही मार खाल्लेली पिढी असंच म्हणते. गुरुजींनी बडवलं म्हणून आम्ही घडलो, तुम्हीही द्या आमच्या पोराला दोन. पण घडलो ते माराने की मार सोसूनही, हे तपासायला कोणी मागे जात नाही. आपला शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी घातली आहे.

तरीही जॉन्सनचा एक मुद्दा मला सोडवत नाही. छडीची भीती त्या वेळेपुरती असते, असं त्यांना वाटे. पण दोन मुलांची तुलना करून एकाला दुसऱ्याच्या पुढे पळायला लावलं, तर कायमचं वैर पेरलं जातं, बहीण-भाऊ एकमेकांचा द्वेष करू लागतात, असा त्यांचा इशारा होता. छडीबद्दल ते चुकले. तुलनेबद्दल? छडी आपण कपाटात ठेवली. पण बघ ती शेजारची कशी पहिली आली, हे वाक्य अजून घरोघरी चालू आहे. पालकांच्या ग्रुपवर सगळ्यांचे गुण टाकले जातात. आवाज न चढवता, हात न उचलताही आपण हार्श होऊ शकतो. कायद्यातला 'मानसिक छळ' हा शब्द नेमका इथेच लागू पडतो.

अखेर आणि आपला संबंध

१७६५ मध्ये त्यांनी शेक्सपिअरच्या नाटकांची आवृत्ती काढली, १७७९ ते १७८१ दरम्यान इंग्रजी कवींची चरित्रं लिहिली. १७८३ मध्ये अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेली, तेव्हा बुद्धी शाबूत आहे का हे तपासायला त्यांनी मनातल्या मनात लॅटिनमध्ये प्रार्थना रचली. वाचा परत आली. १३ डिसेंबर १७८४ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्यांना पुरण्यात आलं.

मराठीला ते अनोळखी नाहीत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'रासेलस'चं मराठी भाषांतर हाती घेतलं आणि त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी ते पुरं केलं. विष्णुशास्त्र्यांनी निबंधमालेत जॉन्सनवर मोठा निबंधही लिहिला. तेही शिक्षकच होते आणि त्यांच्या लेखणीचाही दरारा होता. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू करणाऱ्यांत ते पुढे होते.

वर्गात काय करता येईल?

पाच शब्द फळ्यावर लिहा. गोष्ट सांगा. मग विचारा: हंटर मास्तर कोण, स्ट्रिक्ट की हार्श? चेस्टरफील्डला लिहिलेलं पत्र सिव्हिअर का, हार्श का नाही? पावसात उभे राहिलेले जॉन्सन स्टर्न दिसत असतील का? मुलं भांडतील, भांडू द्या. शब्द तिथेच पक्के होतात.

आणि शेवटी, धीर असेल तर, एक प्रश्न आणखी विचारा. या पाचपैकी आमच्या बाईंना, आमच्या सरांना कोणता शब्द लागू पडतो? घरी आई-बाबांनीही विचारून बघा. उत्तर 'स्ट्रिक्ट' आलं तर समाधान माना. 'हार्श' आलं तर मुलाला रागावू नका. ते आधी नीट ऐकून घ्या.